गुडघ्यांआधी आईचे हात दाखवा

प्रश्न थोडक्यात असा: आई ५६ वर्षांच्या, कराड तालुक्यात राहतात, घरचं आणि शेतातलं दोन्ही काम अंगावर. गुडघे पाच-सहा वर्षांपासून दुखतात. एक्स-रे बघून ‘गॅप कमी झालीय, वंगण संपलंय’ असं सांगितलं गेलं. दिवाळीपासून दोन्ही हातांची बोटं दुखायला लागली. सकाळी मूठ वळत नाही, अंगठी निघेना म्हणून सोनाराकडून कापून घ्यावी लागली. आरए फॅक्टर (आमवातासाठी करतात ती रक्ताची तपासणी) निगेटिव्ह, युरिक ॲसिड ६.७. कुणीतरी आणून दिलेल्या पुडीने आठवड्यात आराम पडला, ती अडीच महिने चालू आहे. डाळी, टोमॅटो, दही, आंबट सगळं बंद. मुलगी विचारते, हा कोणता वात, कशामुळे झाला, गुडघ्याची वाटी बदलावी लागेल का, आणि पुढे मलाही होईल का?

तुम्ही गुडघ्यांबद्दल भरभरून लिहिलंय आणि बोटांचा उल्लेख ओघात करून पुढे गेलात. मला मात्र काळजी बोटांचीच वाटते. गुडघे पाच वर्षं दुखताहेत, त्यांच्यासाठी आणखी दोन महिने गेले तर फारसं बिघडणार नाही. बोटांचं तसं नाही.

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण तुमच्या आईंना दोन वेगवेगळे आजार असावेत असं मला वाटतं. गुडघ्यांचा आहे तो झिजेचा संधिवात. हातांचा बहुधा आमवात, म्हणजे ज्याला डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. दोन्हींची कारणं वेगळी, औषधं वेगळी, घाईसुद्धा वेगळी. घरात मात्र ‘आईला वात आहे’ एवढ्या एका वाक्यात दोन्ही बसले आणि जुन्या दुखण्याच्या आड नवं दुखणं झाकलं गेलं. हे मी फार वेळा पाहते, आणि त्याचा फटका नेहमी हातांना बसतो.

उद्या सकाळी आई उठल्या उठल्या त्यांचा हात हातात घ्या. बोटं तळहाताला जिथे मिळतात, तिथले सांधे दोन्ही बाजूंनी आडवे धरून हलकेच दाबा, हस्तांदोलन करताना दाबतो तेवढंच. कळ आली तर लक्षात ठेवा. मग त्यांना मूठ वळायला सांगा. निरोगी हाताची मूठ वळली की बोटांच्या मुळाशी चार उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खळगे स्पष्ट दिसतात. सांध्यांच्या अस्तराला सूज आली की हे खळगे भरून जातात आणि मुठीची वरची रेघ सपाट दिसू लागते. बोटाने चाचपलं तर ती सूज मऊ लागते. याउलट नखाजवळच्या शेवटच्या सांध्यावर कडक, हाडासारख्या गाठी असतील तर तो झिजेचाच हातातला प्रकार. दिसायला वाईट, पण हात निकामी करणारा सहसा नाही. शेवटी आखडलेपणा किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा. झिजेच्या दुखण्यात बोटं पंधरा-वीस मिनिटांत मोकळी होतात. आमवातात तास-दीड तास जातो. तुम्ही लिहिलंय की आई हल्ली कणीक दहा वाजल्यानंतर मळतात. माझ्यासाठी हे वाक्य रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टइतकंच मोलाचं आहे.

आमवात होतो कशामुळे? शरीराची रोगप्रतिकारशक्ती, जिने जंतूंशी लढायचं, तीच सांध्यांच्या आतल्या पातळ अस्तरावर चालून जाते. अस्तर फुगतं, जाड होतं, त्यात पाणी साठतं, आणि पुढे ते शेजारचं हाड आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, पोखरू लागतं. हे का सुरू होतं याला एकच कारण नाही. काही जनुकांमुळे कल असतो. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त दिसतो. विडी-सिगारेटमुळे धोका वाढतो हे पक्कं ठाऊक आहे. हिरड्यांच्या जुनाट आजाराशीही त्याचा संबंध दिसतो. भारतात साधारण अर्धा ते पाऊण टक्का लोकांना हा आजार असतो. गार पाणी, पावसात भिजून केलेली भातलावणी, बाळंतपणातली हयगय, आंबट खाणं, यांतल्या कशानेही तो होत नाही. थंडीत दुखणं जास्त जाणवतं हे खरं, पण जाणवणं वेगळं आणि होणं वेगळं. आईंना हे मुद्दाम सांगा. अनेक बायका ‘माझ्याच चुकीमुळे झालं’ असं मनात धरून वर्षानुवर्षं गप्प बसतात.

आता आरए फॅक्टर. तो निगेटिव्ह आला म्हणून तुम्ही निश्चिंत झालात, आणि इथेच बहुतेक घरं अडकतात. आमवाताच्या साधारण चारांपैकी एका रुग्णात ही तपासणी निगेटिव्ह येते. उलट शंभर धडधाकट माणसं तपासली तर पाचेक जणांत, आणि वय वाढलं की त्याहून जास्त जणांत, ती उगाचच पॉझिटिव्ह येते. म्हणून निदान कागदावर नाही, हातांवर होतं. सोबत अँटी-सीसीपी (आमवाताचीच आणखी नेमकी तपासणी), ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या), हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, हिपॅटायटिस बी आणि सी, दोन्ही हातांचे आणि पावलांचे एक्स-रे एवढं करावं लागेल. पावलांचे यासाठी की हाडाला पडणारे पहिले खड्डे कधी कधी तिथे आधी दिसतात. आणखी एक विचारून घ्या. दिवाळीच्या आधी, पावसाळ्यात आईंना किंवा शेजारपाजारी कडक ताप येऊन अंग धरलं होतं का? चिकुनगुनियानंतरचं सांधेदुखणं हुबेहूब आमवातासारखं दिसतं आणि महिनोन्‌महिने रेंगाळतं. २००६ च्या साथीत महाराष्ट्राने ते भरपूर भोगलंय. बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं, म्हणून दोन्हींतला फरक आधी करायला हवा.

आमवातच असेल तर घाई का, ते सांगते. सांधा वाचवायची खरी संधी पहिल्या काही महिन्यांत असते. त्या काळात नेमकं औषध सुरू झालं तर बहुतेक रुग्णांचा आजार काबूत येतो आणि हात आयुष्यभर चांगले चालतात. उशीर झाला, बोटं करंगळीकडे झुकली, मनगट आखडून बसलं, की औषधाने दुखणं थांबतं पण आकार परत येत नाही. तुमच्या आईंना दिवाळीपासून त्रास आहे. अजून वेळ हातात आहे.

मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. त्याच्याबद्दल दोन टोकांची भीती असते. एक म्हणजे ‘हे कॅन्सरचं औषध आहे’. कॅन्सरमध्ये ते वापरतात, पण तिथे मात्रा कित्येक पटींनी मोठी असते. सांध्यांसाठी जगभर अनेक दशकं ते पहिल्या पसंतीचं औषध आहे. दुसरी भीती मात्र रास्त आहे आणि ती नीट समजून घ्या: हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज नाही. घरात कुणीतरी ‘रोजची गोळी’ समजून रोज दिली आणि तोंडात फोड, रक्तपेशी घसरलेल्या अशा अवस्थेत रुग्ण अतिदक्षता विभागात गेला, जिवावर बेतलं, असं घडतं. पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहा, ‘फक्त रविवार’ असं, आणि ती स्ट्रिप बाकीच्या गोळ्यांपासून वेगळ्या डबीत ठेवा. डॉक्टर सांगतील त्या दिवशी फॉलिक ॲसिड ही जीवनसत्त्वाची गोळी. सुरुवातीला दर महिन्याला आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. हे चालू असताना दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात गेलात तर मेथोट्रेक्सेटचं नाव आधी सांगा. लघवीच्या किंवा घशाच्या संसर्गाला सहज दिलं जाणारं कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक याच्यासोबत घातक ठरू शकतं.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर दिवस निभावेत म्हणून डॉक्टर थोड्या मात्रेत स्टेरॉइड देतील आणि कमी करत बंद करतील. पुरेसा फरक नाही पडला तर सल्फासलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लेफ्लुनोमाइड आहेत. त्यापुढे बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा नेमका एखादा भाग रोखणारी महागडी औषधं. ती देण्याआधी आपल्याकडे छातीचा एक्स-रे आणि दबलेल्या क्षयाची तपासणी टाळून चालत नाही, पण तुम्ही अजून तिथवर आलेल्या नाहीत.

पुडीबद्दल सांगताना मला थोडं कठोर व्हावं लागेल, आईंवर नाही, पुडी विकणाऱ्यावर. नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आणि आठवड्यात चमत्कार. असा चमत्कार करणारं औषध आम्हालाही ठाऊक आहे, त्याला स्टेरॉइड म्हणतात. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत हिंडूफिरू लागली. १९५० मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. पण त्याच काळात दुसरी बाजूही दिसली. मोठ्या मात्रेत, नजर न ठेवता, महिनोन्‌महिने घेतलं की चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब चढतो, कातडी पातळ होऊन जरा लागलं तरी काळंनिळं पडतं, मोतीबिंदू होतो, हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. पुड्यांमध्ये बेमालूम मिसळलेलं स्टेरॉइड आणि वेदनाशामकं सापडलेली आहेत, काहींत शिसं आणि पाराही. ‘दोन महिन्यांत आईचा चेहरा भरलाय, तब्येत सुधारलीय’ असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मला हीच शंका आली.

तरीही पुडी आजच्या आज फेकू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. तीन आठवड्यांहून जास्त स्टेरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. बाहेरचं एकदम तोडलं तर उलट्या, कमालीचा थकवा, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी जिवाला धोका. पुडी तशीच डॉक्टरांकडे घेऊन जा, किती दिवस आणि दिवसातून किती वेळा घेतली ते सांगा. तीच मात्रा मोजून-मापून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीवर आणून हळूहळू उतरवता येते. ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून लपवू नका. लपवलंत तर तपासताना सूज कमी दिसेल, ईएसआर खाली दिसेल आणि निदान हुकेल. नोंदणीकृत वैद्यांनी नाव लिहून दिलेल्या आयुर्वेदिक औषधांबद्दल मी हे म्हणत नाही. ती चालू असतील तर तीही सांगा, एवढंच.

युरिक ॲसिडचं लवकर आटोपते. मासिक पाळी थांबल्यावर बायकांमध्ये ते थोडं चढतंच. ६.७ हा आकडा हातात असणं म्हणजे गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणारा वात, असणं नव्हे. गाऊट बहुतेक वेळा मध्यरात्री पायाच्या अंगठ्यावर येतो, लालबुंद, पांघरुणाचा स्पर्शही सहन न होणारा, आणि काही दिवसांत पूर्ण विरतो. तसं काही झालेलं नसेल आणि मूतखडाही नसेल तर या आकड्याला औषध नको, आणि डाळ तोडायची तर मुळीच गरज नाही. ज्यांना खरोखर गाऊट आहे त्यांनाही दारू, विशेषतः बिअर, कलेजीसारखं मांस, काही मासळी आणि गोड शीतपेयं आवरायला सांगतो. तूर-मूग आणि टोमॅटो नव्हे. आई महिनोन्‌महिने भात-भाकरी आणि पातळ भाजीवर आहेत. सुजेच्या आजारात आधीच स्नायू झडतात, त्यात प्रथिनं बंद केली तर गुडघे धरणार कोण? आजपासून डाळ, दही, ताक, मोड आलेली कडधान्यं, चालत असेल तर अंडी आणि मासे पुन्हा सुरू करा. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी सांधा सुजतोच असं आईंना खात्रीने वाटत असेल तर तेवढा एक सोडा.

आता गुडघे. ‘वंगण संपलं’ हे ऐकून माणूस चालायचंच सोडतो, म्हणून मला ते बोलणं आवडत नाही. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिला रक्तवाहिन्या नाहीत. स्पंजासारखी दाबली-सुटली की सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. म्हणजे बसून राहिलं की तिची उपासमार. वय, वाढलेलं वजन, जुनी दुखापत, घराण्यातला कल, पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले असणं, आणि वर्षानुवर्षं उकिडवं बसून, ओझी उचलून केलेलं काम या सगळ्यांनी मिळून ती विरते. कूर्चेला मज्जातंतूही नाहीत, त्यामुळे दुखतं ते तिच्याखालचं हाड, अस्तर, आणि दमलेले स्नायू. एक्स-रेवर दोन हाडांमधली बरीच गॅप गेलेली बाई डोंगर चढते आणि थोडीशी गेलेली बाई जिना उतरताना रडते, त्याचं कारण हेच. एक्स-रे उभं राहून काढलेला नसेल तर त्यातल्या गॅपवर फार विसंबूही नका.

मांडीचा पुढचा स्नायू हाच गुडघ्याचा खरा आधार. खाटेवर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती पाच सेकंद खाली दाबायची आणि सोडायची. दहा वेळा, दिवसातून तीनदा. आठवड्याने पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. ते जमलं की खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, आधी उंच खुर्ची, मग साधी. किती करायचं याची खूण सोपी आहे: व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं तर योग्य, त्याहून जास्त टिकलं तर निम्मं करा. गुण दिसायला दोन महिने लागतात आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात, तेवढं तुम्ही फोनवरून सांभाळा. हात सुजलेले असेपर्यंत मात्र बोटांवर जोर नको. कोमट पाण्यात नुसती उघड-मीट. धुणं पिळायचं तर नळाला वेढा देऊन.

वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. ७० किलोंच्या बाईने पाच किलो उतरवले तरी जिन्यावर फरक जाणवतो. शेतकाम बंद करू नका, बदला: खुरपणी उकिडवं बसून करण्याऐवजी छोट्या पाटावर किंवा लांब दांड्याच्या अवजाराने. घरात कमोड, किंवा भारतीय शौचालयावर ठेवायची खुर्ची. काठी घेतलीत तर जास्त दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. गुडघ्याला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल दिवसातून तीन-चारदा, दोन-तीन आठवडे नेमाने लावून बघा. त्यातलं फार थोडं रक्तात जातं, म्हणून गोळीआधी मी तेच सांगते. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेऊ नयेत, मूत्रपिंड आणि पोट दोन्ही गमावण्याची वाट आहे ती. ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांवर मी तुमचे पैसे खर्च करायला सांगणार नाही.

वाटी बदलण्याचा निर्णय एक्स-रेवरून घेऊ नका. मनापासून केलेल्या व्यायामानंतरही रात्री झोप मोडते, घरातल्या घरात चालणं अवघड होतं, पाय वाकत चालला, तर ती शस्त्रक्रिया फार चांगली आहे. बसवलेले सांधे बहुसंख्य रुग्णांत वीस-पंचवीस वर्षं टिकतात. २०१७ पासून या सांध्यांच्या किमतीवर सरकारने मर्यादाही घातली आहे. पण तुमच्या आईंची वेळ आज ती नाही. शिवाय आमवात आधी काबूत यायला हवा. एक शक्यता अशीही आहे की गुडघ्यातलं अलीकडचं वाढलेलं दुखणं झिजेचं नसून त्याच आमवाताच्या सुजेचं असेल, आणि मेथोट्रेक्सेटने तेही निवळेल.

तुम्हालाही होईल का? आई-मुलीच्या नात्याने धोका थोडा वाढतो, पण आमवात असलेल्या बहुतेक आयांच्या मुलींना तो होत नाही. आज लक्षण नसताना आरए फॅक्टर करून घेऊ नका, नुसती झोप उडेल. धूम्रपान नको, हिरड्या जपा, वजन आवरा. पुढे कधी सहा आठवड्यांहून जास्त काळ सकाळी बोटं आखडलेली राहिली, तर वेळ न दवडता दाखवा. आई मिश्री लावत असतील तर तीही सुटलेली बरी, निदान हिरड्यांसाठी.

अपॉइंटमेंट संधिवात तज्ज्ञांची घ्या, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात त्यांची. कराड-साताऱ्यात तारीख लांबची मिळाली तर पुण्याला आणा, किंवा तोवर एखाद्या चांगल्या फिजिशियनकडे तपासण्या सुरू करा. जाताना जुने सगळे एक्स-रे, पुडी, चालू असलेल्या प्रत्येक गोळीची स्ट्रिप, आणि सकाळी सुजलेल्या हातांचे फोनवर काढलेले फोटो घ्या, कारण दुपारी चारच्या वेळेला तीच बोटं बरी दिसतात. मधल्या काळात एखादाच सांधा अचानक लाल, गरम, टरारून सुजला आणि सोबत ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. सांध्यात पू झालेला असू शकतो, आणि स्टेरॉइड घेणाऱ्या माणसात असा पू ताप फारसा न येताही होतो.